ग्राहकांचे प्रश्न : लेबलवरचा भाव करासह का असावा?

दिवाळीच्या खरेदीनंतर या सदराकडे आलेली बहुतेक पत्रे एकाच तक्रारीची आहेत. वस्तूवर एक रक्कम लिहिलेली असते आणि गल्ल्यावर तिच्याहून जास्त रक्कम मागितली जाते, मधला फरक कराचा असल्याचे सांगितले जाते, आणि तोपर्यंत खरेदीचा निर्णय झालेला असल्यामुळे ग्राहक मुकाट्याने पैसे मोजतो. यांतील एक पत्र थेट अमेरिकेतील अनुभवाचे असल्यामुळे सुरुवात त्याच्यापासून करीत आहे.

प्रश्न : माझी मुलगी अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातील एडिसन येथे राहते. या उन्हाळ्यात आम्ही दोघे तिच्याकडे गेलो होतो. नातवासाठी 19 डॉलर 99 सेंटचे एक खेळणे घेतले, तर काउंटरवर 21 डॉलर 31 सेंट मागितले. त्याच दिवशी त्याच्यासाठी घेतलेल्या कपड्यांवर मात्र एक सेंटही वाढला नाही. पुढे न्यूयॉर्क शहरात 150 डॉलरचा कोट घेतला, तो 163 डॉलर 31 सेंटला पडला. जावई म्हणाले, “आई, इथे असेच असते.” परंतु असे का असते, हे त्यांनाही नीट सांगता आले नाही. इतक्या पुढारलेल्या देशात लेबलवर पूर्ण किंमत का लिहीत नाहीत?
— एक गृहिणी, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : आपल्याला तीन खरेदींत तीन वेगवेगळे अनुभव आले, आणि तेथील पद्धतीचे निम्मे कारण त्यातच आहे. अमेरिकेत आपल्या जीएसटीसारखा देशभर लागू होणारा विक्रीकर नाही. 45 राज्ये आणि राजधानीचा प्रदेश आपापल्या दराने विक्रीकर लावतात, आणि बऱ्याच राज्यांत त्यावर जिल्ह्याचा किंवा शहराचा कर वेगळा चढतो. ओरेगॉन, मोंटाना, डेलावेअर आणि न्यू हॅम्पशायर या राज्यांत विक्रीकर मुळीच नाही. अलास्कात राज्याचा नाही, पण काही गावांचा आहे. न्यू जर्सीचा दर 6.625 टक्के आहे. तो आपल्या खेळण्यावर लागला, परंतु नेहमीचे कपडे त्या राज्यात करमुक्त असल्यामुळे नातवाच्या कपड्यांवर काही वाढले नाही. न्यूयॉर्क शहरात राज्य, शहर आणि परिसरातील वाहतूक व्यवस्था यांचे कर मिळून 8.875 टक्के होतात, आणि तेथे 110 डॉलरपेक्षा कमी किमतीचा कपडा करमुक्त असला तरी आपला कोट त्या मर्यादेच्या वरचा होता. न्यू जर्सीतही सगळीकडे एकच दर नाही. जर्सी सिटीसारख्या काही शहरांत सरकारने ठरवून दिलेल्या भागातील नोंदणीकृत दुकानांना निम्म्या दराने कर घेण्याची मुभा आहे, त्यामुळे एकाच शहरातील दोन दुकानांत एकाच वस्तूचे बिल वेगळे होऊ शकते.

देशभर दुकाने असलेल्या कंपन्या या विविधतेकडे बोट दाखवतात. त्यांना वर्तमानपत्रात आणि दूरचित्रवाणीवर एकच भाव जाहीर करायचा असतो, आणि कर धरला तर गावोगाव वेगळा भाव छापावा लागेल, असे त्या म्हणतात. जाहिरातीपुरते हे म्हणणे खरे आहे. मात्र दुकानातील फळीवर चिकटवलेल्या लेबलला ते लागू पडत नाही, कारण ते दुकान एकाच जागी उभे असते, त्या जागेचा दर दुकानदाराला पक्का ठाऊक असतो, आणि तेथील गल्ल्यावरचे यंत्र तो दर क्षणार्धात लावतेच. जे गणित गल्ल्यावर होऊ शकते, ते लेबल छापताना होऊ शकत नाही, हे मला पटत नाही.

दुसरे कारण जुने आहे आणि मला ते अधिक वजनदार वाटते. हे कर मुख्यतः 1930 नंतरच्या महामंदीत आले. जमीन-मालमत्तेच्या करांतून पुरेसा पैसा येईना, तेव्हा एकामागून एक राज्ये विक्रीकराकडे वळली. हा कर दुकानदाराचा नसून ग्राहकाचा आहे आणि दुकानदार तो फक्त गोळा करून सरकारला पोचवतो, असे बऱ्याच राज्यांच्या कायद्यांनी मानले. “तुमचा कर आम्ही भरतो” अशी जाहिरात करण्यालाही अनेक राज्यांनी मनाई केली. कर डोळ्यांसमोर वेगळा राहिला पाहिजे हा आग्रह इतका होता, की 1935 च्या सुमारास इलिनॉय, मिसुरी, वॉशिंग्टन अशा राज्यांनी एका सेंटपेक्षाही कमी कर भरता यावा म्हणून कराची छोटी नाणी काढली. मिसुरीत तर ती सुरुवातीला पुठ्ठ्याची होती. ती नाणी कालांतराने गेली, परंतु कर शेवटी जोडण्याची सवय राहिली.

आता सगळे दुकानदार करावाचून भाव लिहीत असताना एकट्या दुकानदाराने करासह भाव लिहिला, तर त्याचा माल शेजाऱ्यापेक्षा महाग दिसतो. म्हणून तेथील एखाद्या सज्जन दुकानदाराच्या मनात असले तरी तो एकटा पाऊल उचलत नाही. हा बदल सर्वांवर एकदम लागू होणाऱ्या नियमानेच होऊ शकतो. असा नियम तेथे अशक्य नाही. अमेरिकेत पेट्रोल पंपावरच्या पाटीवर लिहिलेला भाव सर्व करांसह असतो आणि कोणाचीही त्याला हरकत नसते. विमान तिकिटांच्या जाहिरातीतही कर आणि सक्तीचे आकार धरून पूर्ण भाडे दाखवण्याचा नियम तेथील केंद्र सरकारने जानेवारी 2012 पासून लागू केला आहे.

प्रश्न : आपल्या देशात छापील किंमत सर्व करांसह असते याचे सर्वजण कौतुक करतात. मला मात्र अमेरिकेची पद्धत अधिक प्रामाणिक वाटते. आपण सरकारला किती कर देतो हे नागरिकाला प्रत्येक खरेदीत ठळकपणे कळले पाहिजे. कर किमतीत विरघळून गेला की सरकार तो गुपचूप वाढवते आणि लोकांना पत्ताही लागत नाही. याबद्दल आपले काय मत आहे?
— निवृत्त प्राध्यापक, अलकापुरी, वडोदरा

उत्तर : आपला मुद्दा हलका नाही, आणि नागरिकाला कर कळला पाहिजे हे आपले म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. माझा मतभेद तो कोठे कळावा यावर आहे. ग्राहकाच्या समोर दोन कागद येतात. फळीवरचे लेबल निर्णयाच्या आधी येते आणि हातात पडणारे बिल निर्णयाच्या नंतर येते. लेबल पाहून त्याला ठरवायचे असते की ही वस्तू घ्यावी की शेजारची, आणि खिशातल्या पैशात ती बसते की नाही. त्यासाठी त्याला फक्त शेवटचा आकडा लागतो. बिल तो घरी नेतो, आणि किती कर गेला, कोणत्या दराने गेला, हा हिशेब तेथे सविस्तर मिळायला हवा. आपल्या केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम 33 नुसार नोंदणीकृत विक्रेत्याने बिलावर कराची रक्कम ठळकपणे दाखवायची असते. लेबल करासह असल्याने बिलावरचा तपशील कमी होत नाही, त्यामुळे ही दोन्ही उद्दिष्टे एकमेकांच्या आड येत नाहीत.

कर वेगळा ठेवल्याने तो अधिक जाणवतो, हे गृहीतकही तपासून पाहिले गेले आहे. दिल्लीत जन्मलेले आणि अमेरिकेत अर्थशास्त्राचे प्राध्यापक असलेले राज चेट्टी यांनी अ‍ॅडम लूनी आणि कोरी क्रॉफ्ट या सहकाऱ्यांबरोबर उत्तर कॅलिफोर्नियातील एका किराणा दुकानात 2006 मध्ये एक प्रयोग केला. सुमारे 750 वस्तूंच्या नेहमीच्या लेबलखाली त्यांनी करासह किंमत लिहिलेली दुसरी चिठ्ठी तीन आठवडे लावली. कर तोच होता, गल्ल्यावरची रक्कमही तीच होती. तरीही त्या वस्तूंची मागणी सुमारे 8 टक्क्यांनी घटली. त्या दुकानात येणाऱ्या ग्राहकांना विचारले, तेव्हा कराचा दर त्यांतील बहुतेकांना बरोबर माहीत होता. म्हणजे अज्ञान हे कारण नव्हते. दर ठाऊक असूनही फळीसमोर उभे असताना माणूस तो हिशेबात धरत नाही आणि लिहिलेल्या आकड्यावर निर्णय घेतो. हे संशोधन 2009 मध्ये प्रसिद्ध झाले.

प्राध्यापक महाशय, यावरून मला असे वाटते की आपल्याला ज्या कराची जाणीव व्हायला हवी आहे, तो कर लेबलबाहेर ठेवला तर निर्णयाच्या क्षणी उलट लपतो. सरकारवर वचक ठेवण्याचे काम बिलावरच्या ओळीने होऊ शकते. मात्र महिन्याचा किराणा ठरलेल्या पैशात बसवणाऱ्या बाईला लेबलवरचा अपुरा आकडा रोज चुकीचा हिशेब करायला लावतो. ज्याच्याजवळ पैसे मोजकेच आहेत, त्याचे नुकसान यात सर्वांत जास्त आहे. काउंटरवर आल्यावर रक्कम पुरत नाही म्हणून मागे रांग उभी असताना एखादी वस्तू परत ठेवावी लागणे, ही गोष्ट कोणाच्याही वाट्याला येऊ नये, असे मला मनापासून वाटते.

जपानने या बाबतीत दोन्ही वाटा चालून पाहिल्या आहेत. तेथे 1989 मध्ये 3 टक्क्यांचा उपभोग कर आला, 2004 पासून करासह एकूण किंमत दाखवणे सक्तीचे झाले, पुढे कर 5 वरून 8 आणि 8 वरून 10 टक्के करायचा असल्यामुळे दुकानदारांना वारंवार लेबले बदलावी लागू नयेत म्हणून 2013 मध्ये तात्पुरती सवलत दिली गेली, आणि ती सवलत संपवून एप्रिल 2021 पासून करासह किंमत पुन्हा सक्तीची करण्यात आली. युरोपीय संघातही ग्राहकाला दाखवायची किंमत करासहच असावी लागते.

आपल्याकडची व्यवस्थाही आपोआप आलेली नाही. पाकिटबंद मालावर किंमत लिहिण्याचे नियम 1977 चे आहेत, परंतु त्या काळी उत्पादकाला किमतीपुढे “स्थानिक कर वेगळे” असे छापण्याची मोकळीक होती. राज्याराज्यांचे विक्रीकर निराळे, त्यात गावाची जकात, आणि यांतील नेमका आकडा ग्राहकाला ठाऊक असण्याचे काही कारण नाही. त्यामुळे दुकानदार सांगेल तो स्थानिक कर, अशी स्थिती होती. हा गैरफायदा थांबावा म्हणून 1990 मध्ये नियम बदलला आणि सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत, म्हणजे आपली नेहमीची एम.आर.पी., छापणे सक्तीचे झाले. आज हीच तरतूद 2009 च्या वैधमापन (म्हणजे वजन-मापांच्या) कायद्याखालील 2011 च्या नियमांत आहे. राज्याराज्यांत वेगळे दर असतानाही आपल्या देशाने पाकिटावर एकच पूर्ण किंमत छापून दाखवली होती, हे अमेरिकेतील अडचणींबद्दल बोलताना विसरू नये.

प्रश्न : नवरात्रीच्या आधी एका मोठ्या दुकानात “सरसकट 40 टक्के सूट” अशी पाटी पाहून कुडता घेतला. छापील किंमत 2000 रुपये होती, म्हणून 1200 रुपये धरून चालले होते. बिल 1260 रुपयांचे झाले. विचारल्यावर “सेलमध्ये जीएसटी वेगळा” असे उत्तर मिळाले. हे बरोबर आहे का?
— महाविद्यालयीन विद्यार्थिनी, मांजलपूर, वडोदरा

उत्तर : माझ्या मते हे बरोबर नाही. कुडत्यावर छापलेल्या 2000 रुपयांत कर आधीच आलेला आहे. त्या रकमेवर 40 टक्के सूट दिली म्हणजे करासह असलेल्या किमतीवर सूट दिली, आणि उरलेल्या 1200 रुपयांतही कर आहेच. त्यावर पुन्हा 5 टक्के लावल्यामुळे आपल्याला प्रत्यक्षात 740 रुपयांची, म्हणजे 37 टक्के सूट मिळाली. पाटीवर लिहिलेली 40 टक्के मिळाली नाही. जीएसटीच्या आधी राज्यांचा व्हॅट हा विक्रीकर होता, त्या काळातील अशाच एका प्रकरणात राष्ट्रीय ग्राहक आयोगाने जानेवारी 2017 मध्ये हाच विचार मान्य केला आणि सवलतीच्या किमतीवर वेगळा कर आकारणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली. “एम.आर.पी.च्या आत आहे ना” असा दुकानदारांचा बचाव असतो. एम.आर.पी.पेक्षा जास्त घेतले नाही, एवढ्याने जाहिरातीत दिलेला शब्द पाळला गेला असे होत नाही.

प्रथम बिल दाखवून दुकानाच्या व्यवस्थापकाकडे 60 रुपये परत मागावेत. ते न मिळाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते, आणि पुढे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. 5 लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी तेथे शुल्क लागत नाही. पाटीचा फोटो जवळ असेल तर जपून ठेवावा. साठ रुपयांसाठी कोण हेलपाटे घालणार, असे पुष्कळांना वाटते, आणि दुकान याच विचारावर विसंबून असते.

इंटरनेटवरून खरेदी करतानाही हेच ध्यानात ठेवावे. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेत्याने सर्व आकार आणि कर धरून एकूण किंमत एका आकड्यात दाखवायची असते, सोबत तपशीलही द्यायचा असतो. सुरुवातीला कमी किंमत दाखवून पैसे भरण्याच्या पानावर एकेक आकार चढवत नेण्याच्या प्रकाराला केंद्र सरकारने नोव्हेंबर 2023 च्या मार्गदर्शक सूचनांत ग्राहकाला फसवणारी प्रथा म्हटले आहे.

प्रश्न : आमच्या भागातील एका लहान भोजनालयात बिलाच्या शेवटी पेनाने 5 टक्के जीएसटी लिहून घेतात. बिलावर जीएसटी क्रमांक नाही. द्यावा का?
— नोकरदार वाचक, रावपुरा, वडोदरा

उत्तर : क्रमांक नसेल तर देऊ नये. नोंदणी नसलेल्या माणसाला कर गोळा करण्याचा अधिकारच नाही. नोंदणी असली तर बिलावर 15 अक्षरांचा क्रमांक असतो आणि गुजरातमधील नोंदणीचा क्रमांक 24 ने सुरू होतो. तो सरकारी संकेतस्थळावर घालून पाहिला की धंद्याचे नाव दिसते. नोंदणी असूनही भोजनालय कंपोझिशन योजनेत, म्हणजे लहान व्यावसायिकाने उलाढालीवर ठरावीक दराने कर भरण्याच्या सवलतीत असेल, तर त्याने ग्राहकाकडून वेगळा कर घ्यायचा नसतो आणि तसे बिलावर लिहायचे असते. मोठ्या हॉटेलांत जोडला जाणारा सेवा आकार हा तर कर नाहीच. तो बिलात आपोआप जोडू नये, या 2022 च्या सूचना दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये कायम ठेवल्या आहेत.

प्रश्न : माझे रावपुऱ्यात घरगुती वापराच्या वस्तूंचे दुकान आहे. स्टीलची भांडी, फरशीवरची चटई असा पुष्कळ माल सुटा येतो आणि त्यावर भाव मीच लिहितो. आतापर्यंत “अधिक जीएसटी” असे लिहीत आलो. करासह लिहावे असे मनात आहे, पण गिऱ्हाईक शेजारच्या दुकानातला कमी आकडा पाहून तिकडे जाईल अशी भीती वाटते. शिवाय करासह भावातून कर वेगळा कसा काढायचा, यात मुलाचा आणि माझा हिशेब जुळत नाही.
— एक दुकानदार

उत्तर : आपण आपणहून हा विचार करीत आहात, याचा मला फार आनंद झाला. सुट्या मालाला पाकिटबंद मालाचा छापील किमतीचा नियम लागू होत नाही, म्हणून तेथे दुकानदाराच्या निर्णयालाच महत्त्व आहे.

हिशेबातील घोटाळा बहुधा असा झाला असावा. 18 टक्के दराची एखादी वस्तू करासह 1180 रुपयांना असेल, तर 1180 चे 18 टक्के काढू नयेत. ते 212 रुपये 40 पैसे येतात आणि चुकीचे असतात. 1180 ला 118 ने भागून 18 ने गुणावे, म्हणजे 180 रुपये कर आणि 1000 रुपये मूळ किंमत मिळते. 5 टक्क्यांच्या वस्तूला 105 ने भागून 5 ने गुणावे. 2100 रुपयांत कर 100 रुपये येतो. 22 सप्टेंबर 2025 पासून बऱ्याच वस्तूंचे दर बदलून मुख्यतः 5 आणि 18 टक्क्यांवर आलेले आहेत, तेव्हा जुनी लेबले लावलेला माल शिल्लक असल्यास प्रत्येक वस्तूचा आजचा दर आपल्या कर सल्लागाराकडून तपासून मगच नवे लेबल लावावे. दर कमी झाला असेल तर लेबलवरचा आकडाही उतरला पाहिजे.

गिऱ्हाईक जाईल ही भीती अनाठायी नाही; अमेरिकेतील दुकानदारालाही तीच असते, हे वर लिहिलेच आहे. परंतु आपल्या ग्राहकाला छापील किमतीत सर्व काही येते याची वर्षानुवर्षे सवय आहे, म्हणून तेथल्यापेक्षा आपली स्थिती पुष्कळ चांगली आहे. लेबलवर नुसता आकडा न लिहिता “सर्व करांसह” हे शब्द आकड्याइतक्याच मोठ्या अक्षरात, मराठी आणि गुजराती दोन्हींत लिहावेत, आणि दाराशी तशी पाटीही लावावी. शेजारचा 1000 रुपयांचा कुकर बिलात 1000 राहत नाही, हे एकदा तेथून घेणाऱ्याला कळतेच. आपल्या रस्त्यावरील व्यापारी मंडळात हा विषय काढून चार-पाच दुकानांनी एकाच दिवसापासून असे लिहायचे ठरवले, तर भीतीचे कारणच उरणार नाही.

एका ठिकाणी मात्र करावाचून भाव सांगणे रास्त आहे. हॉटेलवाले, केटरर किंवा लहान दुकानदार आपल्याकडून घाऊक माल उचलत असतील आणि त्यांना भरलेल्या कराची वजावट मिळत असेल, तर त्यांना मूळ भावच कळायला हवा असतो. त्यांच्यासाठी वेगळे भावपत्रक ठेवावे, त्यावर “कर वेगळा” असे स्पष्ट छापावे आणि ते पत्रक किरकोळ ग्राहकाच्या काउंटरवर ठेवू नये. मागितले नाही तरी प्रत्येकाला पक्के बिल द्यावे. नियमाप्रमाणे 200 रुपयांखालच्या विक्रीला ग्राहकाने मागितल्याशिवाय ते सक्तीचे नसले, तरी करासह भाव लिहिणाऱ्या दुकानात कराची ओळ असलेले बिल दिले गेले, तर त्या भावात किती कर होता हे गिऱ्हाइकाला लगेच पाहता येईल.